मेटल क्लेचा दागिना हातात घेतल्यावर काय बघायचं

कोल्हापूरच्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, जाणता सोनार कुठलाही दागिना हातात घेतला की आधी तो पालथा करतो. मेटल क्लेचा दागिना बघतानाही सुरुवात तिथूनच करा. पत्र्यावर ठसा मारून उठवलेल्या पानाला मागे खळगा असतो. पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खोलगट. ओतकामाच्या वस्तूवर कुठेतरी रनर (धातू साच्यात जातो त्या वाटेत थिजलेली दांडी) कापून घासल्याची जागा सापडते. शिरोलीच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाची बोटं ती जागा डोळे मिटूनही शोधतील. मेटल क्लेच्या वस्तूवर यातलं काहीच नसतं. मागची बाजू सपाट असते, किंवा तिच्यावर वेगळीच नक्षी असते, पुढच्या नक्षीशी काही संबंध नसलेली. ही वस्तू ठोकलेली नाही आणि ओतलेलीही नाही. ती लाटली, दाबली, कापली, वाळवली आणि भाजली.

चांदीची अतिशय बारीक भुकटी, ती धरून ठेवणारा सेंद्रिय चिकटा आणि पाणी, एवढंच मेटल क्ले नावाच्या या मातीत असतं. जपानच्या मित्सुबिशी मटेरियल्सने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली, ‘पीएमसी’ म्हणजे प्रेशस मेटल क्ले या नावाने. ‘आर्ट क्ले’ या नावाने मिळणारी आयडा केमिकल इंडस्ट्रीजची मातीही जपानीच. भट्टीत आधी चिकटा जळून जातो. मग चांदीचे कण जिथे एकमेकांना टेकलेले असतात तिथे जोड धरायला लागतात, मधल्या फटी बुजत जातात आणि सगळी वस्तू आकसते. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, माती ६०० ते ९०० अंशांतच भाजतात. म्हणजे धातूचं पाणी कधीच होत नाही, आणि म्हणूनच मातीवर उमटलेली बोटाची रेघसुद्धा चांदीत तशीच राहते.

या दागिन्यात कौतुक करण्यासारखं आणि खटकण्यासारखं जे काही दिसतं, ते या दोनच गोष्टींतून येतं: तो एकदा मऊ होता, आणि नंतर आकसला. बघताना हे मनात धरून ठेवा.

उजेड आणि भिंग

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच चकाकतं, म्हणून वस्तू दारात आणा. सकाळचा किंवा उतरत्या दुपारचा तिरका उजेड सगळ्यात चांगला. वस्तू काळ्या किंवा गडद कापडावर ठेवा आणि सावकाश फिरवा. उजेड एका बाजूने आला की दाबलेली नक्षी किती खोल आहे ते कळतं. दहा पटींचं भिंग वापरत असाल तर भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि वस्तू अडीच सेंटिमीटरवर आणा. पेपर वाचताना धरतात तसं भिंग हातभर लांब धरलं तर काहीच दिसत नाही.

आता कडा बघा. ओल्या मातीत पातं ओढलं की कडेला थोडी माती वर सरकते आणि बारीक कंगोरा उठतो. चांगला कारागीर माती पूर्ण वाळल्यावर तो ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवतो. भाजल्यानंतर हेच काम कानशीने करावं लागतं आणि वेळ दहापट जातो. त्यामुळे कडा बोटाला टोचत असेल तर वाळलेल्या अवस्थेत घाई झाली असं समजा. उलट, सगळ्या कडा एकसारख्या गुळगुळीत, पण नक्षीची टोकंही झिजलेली, असं असेल तर पॉलिशच्या मोटरवर जास्त वेळ धरलेलं आहे. मेटल क्लेची खरी मजा त्या बारीक नक्षीतच असते. ती घासून टाकलेली बघवत नाही.

आकसण्याचा हिशोब

प्रत्येक माती वेगळी आकसते. सुरुवातीची पीएमसी जवळजवळ २८ टक्के आकसायची, पुढे आलेल्या पीएमसी-थ्रीसारख्या माती १० ते १५ टक्के, आर्ट क्ले ८ ते १० टक्के. हे आकडे लांबीचे आहेत. ३० मिलिमीटरचं पान १० टक्क्यांच्या मातीत २७ मिलिमीटरचं होतं, २८ टक्क्यांच्या मातीत २१.६ मिलिमीटरचं. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही कमी होतात, म्हणून १० टक्के आकसणाऱ्या मातीचंही आकारमान २७ टक्क्यांनी घटतं. नक्षी मात्र जाते कुठेच नाही, ती आणखी दाट होते. हातात एवढं बारीक काम कुणी कसं केलं असेल असं वाटतं, त्यातलं थोडं श्रेय भट्टीचं असतं.

साजाच्या धर्तीवर केलेल्या कामात हा हिशोब पणाला लागतो. कोल्हापुरी साजात परंपरेने २१ पानं धरतात: दशावतारांची १०, अष्टमंगलाची ८, माणिक आणि पाचूची एकेक, आणि एक डोरलं. आजकाल गळ्यात दिसणारे साज बहुधा कमी पानांचे असतात. मेटल क्लेत असा साज करायचा तर प्रत्येक पान सारख्याच जाडीची माती लाटून, शक्यतो एकाच पाकिटातून आणि एकाच बसणीत कापावं लागतं. अर्ध्यावर पाकीट कोरडं पडलं आणि पाणी मारून माती परत मळली की त्यातली पानं थोडी जास्त आकसतात. म्हणून असा साज बघताना पानं सुटी सुटी बघू नका. मासा, कासव, चंद्र अशी पानं ओळीने लावा आणि वरच्या कड्यांची रेघ सरळ येते का ते बघा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक एकट्या पानात दिसत नाही, ओळीत लगेच खटकतो.

अंगठीत हा हिशोब चुकला तर दुरुस्ती अवघड. म्हणून कारागीर मातीची अंगठी बोटापेक्षा दोन-तीन मापांनी मोठी करतात आणि भट्टीत आत न आकसणारा गोल गट्टू ठेवतात, त्यावर अंगठी थांबते. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंग लावून बघा. आतली बाजू एकसारखी गोल आणि बिनचिरेची असेल तर मापाचा अंदाज बरोबर होता. गट्टू फार मोठा निवडला असेल तर अंगठीला आकसायला जागाच उरत नाही आणि ती सर्वांत पातळ जागी तडकते. तिथे नंतर भरलेला लेप रंगाने थोडा वेगळा दिसतो.

एक पान स्वतः करून बघा

नजर तयार व्हायची तर एकदा हात लावावाच लागतो. सगळ्यात सोपं म्हणजे खऱ्या पानावरून चांदीचं पान. यासाठी मातीचा गोळा लागत नाही, पातळ लेप लागतो. तो डबीत तयार मिळतो. साधारण १० ग्रॅम पुरतो.

तीन-चार सेंटिमीटरचं ताजं पान घ्या, पाठीमागे शिरा ठळक वर आलेलं. पिंपळाचं कोवळं पान उत्तम. लेप शिरांच्या बाजूला लावायचा. पहिला थर ताकासारखा पातळ हवा, म्हणजे तो शिरांच्या कोपऱ्यांत शिरतो आणि खाली हवा अडकत नाही. पुढचे थर आंबोळीच्या पिठासारखे दाट चालतात. थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. आठ ते दहा थरांत जाडी एक मिलिमीटरच्या आसपास येते. देठाकडे थर थोडे जास्त द्या, ताण तिथेच येतो. लेप पानाच्या कडेच्या किंचित आतच थांबवा. कडेवरून पलीकडे उतरला तर भाजल्यावर तिथे करवतीसारखी धार येते. अडकवायची कडी शुद्ध चांदीच्या तारेची घ्या आणि ती दाट लेपातच रोवा. स्टर्लिंग (९२.५ टक्के चांदी, बाकी बहुधा तांबं) चांदीची तार वापरली तर भट्टीच्या तापात तिच्यातलं तांबं काळं पडतं आणि तार ठिसूळ होते.

मग वाळवण. एप्रिलमध्ये हे काम एका दिवसात होतं. जुलैत, पंचगंगा काठाला लागलेली असताना, तीन दिवसही कमी पडतात. वाळलं की नाही ते बघायला पान किंचित गरम करून आरशावर ठेवा. आरशावर धुकं धरलं तर ओल शिल्लक आहे. ओल घेऊन भट्टीत गेलेल्या वस्तूतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं आणि फोड येतो, कधी तुकडाच उडतो. कारागिरांच्या हातून वाया जाणाऱ्या कामातलं बरंचसं याच एका घाईने जातं.

भट्टीत खरं पान आतच ठेवून भाजायचं. ते जळून जातं. ८०० अंशांवर ३० मिनिटं पुरे. धूर निघतो, त्यामुळे खिडक्या उघड्या ठेवा. भट्टी नसेल तर २५ ग्रॅमच्या आतली छोटी, साधी वस्तू विटेवर ठेवून गॅस टॉर्चने भाजता येते. खोलीत अंधार करा, नाहीतर रंग दिसणार नाही. आधी धूर, मग काही सेकंद छोटी ज्योत, मग वस्तू पांढरी, आणि मग केशरी लाल. तो रंग आला की निदान दोन मिनिटं तसाच धरा. पृष्ठभागावर पाऱ्यासारखी चमक धावायला लागली तर ज्योत ताबडतोब मागे घ्या, कारण चांदी वितळायला निघाली आहे. पानासारख्या पातळ वस्तूला मात्र भट्टीच बरी.

बाहेर आलेलं पान चुन्यासारखं पांढरं असतं. पहिल्यांदा बघणारा इथे हिरमुसतो. पण तो कुठलाही मळ नव्हे. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असल्याने उजेड सगळीकडे विखुरतो आणि चांदी पांढरी दिसते. रिठ्याच्या पाण्यात बुडवून पितळी तारेच्या मऊ ब्रशने घासा. ब्रश कोरडा वापरला तर चांदीला पिवळट झाक येते. ते टोकाटोकाचे कण आडवे पडले की चांदी उजळते. शेवटी कडांवर आणि देठावर अकिकाची ओपणी (दाबून घासत चकाकी आणायचं अवजार) फिरवा. शिरांची बाजू मॅट आणि कडा चकचकीत, एवढंच पानाला पुरतं.

हे एकदा केलं की दुसऱ्याचं पान बघताना शिरा कशा आहेत तिकडे आपोआप लक्ष जातं. शिरा आत खोल गेलेल्या असतील तर लेप किंवा माती थेट पानावर बसवली आहे. शिरा वर उठलेल्या असतील तर आधी पानाचा साचा घेऊन त्यात माती दाबली आहे. दोन्ही चांगलंच काम. पण पहिल्या प्रकारात ते पान जळून गेलेलं असतं, तसं दुसरं कधीच होणार नाही.

कच्चं आणि पक्कं

माठ घेताना आपण बोटाने वाजवून घेतो. इथेही तेच. दागिना दोन बोटांत सैल धरून लाकडी काडीने टिचकी मारा, किंवा बोटभर उंचीवरून लाकडी टेबलावर पडू द्या. नीट भाजलेली चांदी खणखणते. बद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा वस्तू कच्ची आहे. खडे बसवलेल्या आणि पोकळ वस्तूंना ही परीक्षा लावू नका.

भरीव वस्तूची घनताही घरी काढता येते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरा. काटा जो आकडा दाखवेल, तेवढे ग्रॅम पाणी वस्तूने बाजूला सारलं. समजा वस्तू १२ ग्रॅमची आणि आकडा १.३० आला, तर घनता ९.२३. भरीव शुद्ध चांदीची घनता १०.४९. म्हणजे वस्तू ८८ टक्के घट्ट आहे, बाकी सूक्ष्म छिद्रं. मेटल क्ले १०.४९ ला पोचत नाही, हा दोष मानू नका. पण एकाच कारागिराच्या दोन वस्तूंत मोठा फरक निघाला तर कमी घनतेची वस्तू कमी वेळ किंवा कमी तापावर भाजली असण्याची शक्यता मोठी.

ताप आणि वेळ हे शेवटी ताकदीचं गणित आहे. पीएमसी-थ्री ६०० अंशांच्या आसपास ४५ मिनिटांत भाजल्यासारखी दिसते, पण ९०० अंशांवर दोन तास राहिली तर कितीतरी पक्की होते. बाहेरून दोन्ही सारख्याच पांढऱ्या, दोन्ही सारख्याच उजळतात. फरक कळतो तो वाकवल्यावर, आणि विकत घ्यायचा दागिना कुणी वाकवून बघत नाही. म्हणून कारागिराला विचारा, याच भट्टीत नमुन्याची पट्टी भाजली होती का. एक मिलिमीटर जाडीची, चार सेंटिमीटर लांब पट्टी काटकोनात वाकूनही तुटली नाही तर काम पक्कं. तुटलीच तर तुटलेला भाग बघा. राखाडी आणि साखरेसारखा रवाळ दिसला तर भाजणी अपुरी होती.

खडे

खडा मातीत रोवून तसाच भाजला, की नंतर बसवला, हे नक्की विचारा. क्युबिक झिरकोनिया आणि प्रयोगशाळेत बनवलेलं माणिक भट्टीत टिकतात. मोती, पोवळं, फिरोजा, ओपल टिकत नाहीत. नैसर्गिक पाचूच्या पोटात इतक्या भेगा असतात की तापात तो फुटतो. त्यामुळे ‘खरा पाचू, मातीतच भाजलेला’ असं कुणी सांगितलं तर दोन्हींपैकी एक गोष्ट चूक आहे.

भाजून बसवलेल्या खड्याभोवती चांदी आकसून घट्ट आवळते, म्हणून खडा मातीत रोवताना त्याचा वरचा सपाट भाग मातीच्या पातळीच्या किंचित खाली घ्यावा लागतो. तसा घेतला नसेल तर आकसणारी चांदी खड्याला वर ढकलते. नखाने खड्याची कड चाचपा. नख खड्याखाली शिरत असेल तर तो पुढेमागे निसटणार.

छोटी शिल्पं

कोल्हापूरच्या माणसाला शाडूची जाण असतेच. गणपतीची सोंड पोटाला जोडते तिथे चीर का येते हे कुंभारवाड्यात कुणीही सांगेल: पातळ भाग आधी वाळतो, जाड भाग मागून, आणि ओढाताण सांध्यावर येते. मेटल क्लेच्या शिल्पात हीच ओढाताण दोनदा होते, वाळताना आणि भाजताना. म्हणून मूर्तीत जिथे जाडी एकदम बदलते तिथे आधी बघा: मान, मनगट, बैठकीवर पाय टेकतात ती जागा. तिथे केसासारखी काळी रेघ दिसली तर ती नक्षी नसून चीर आहे. काळसरपणा तिच्यात अडकलेल्या मळाचा.

शाडूत आत तार घालतात तशी इथे चालत नाही. तार आकसत नाही, माती आकसते आणि तारेवर फाटते. म्हणून आतला गाभा जळून जाणारा हवा. बहुतेक कारागीर बुचाच्या भुशाची माती वापरतात. ती भट्टीत जळते आणि मूर्ती पोकळ राहते. धूर बाहेर पडायला कुठेतरी भोक ठेवावंच लागतं, आणि ते कुठे लपवलंय हे शोधणं हा बघण्यातला एक आनंद आहे. नक्षीचाच भाग झालेलं भोक म्हणजे विचार करून केलेलं काम.

मोठी शिल्पं बहुधा तांब्याच्या किंवा कांस्याच्या मातीची असतात, चांदी परवडत नाही. तांबं उघड्या हवेत तापलं की काळं पडतं आणि कण जोड धरत नाहीत. म्हणून आधी कमी तापावर चिकटा जाळून घेतात, मग वस्तू स्टीलच्या डब्यात नारळाच्या करवंटीच्या सक्रिय कोळशात पुरून भाजतात. कोळसा डब्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो. काही वेळा पृष्ठभागावर लाल, जांभळे, सोनेरी रंग उमटतात. ते ठरवून आणता येत नाहीत आणि टिकतातही बेताचेच, तेव्हा फक्त रंगासाठी किंमत वाढवून मागितली तर विचार करा.

टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची छोटी रोमन कांस्यमूर्ती आहे. ती ओतीव आहे. मेटल क्लेचं शिल्प बघायच्या आधी तिच्यासमोर पाच मिनिटं उभं राहिलात तर फरक लगेच कळेल. वितळलेला धातू साच्यात धावून थिजला की अंगावर एक सलगपणा येतो. मेटल क्लेत तसा सलगपणा शोधू नका. तिथे थर, दाब, बोटांची वळणं बघायची.

वापर आणि सफाई

शुद्ध चांदी ९२५ म्हणजे स्टर्लिंगपेक्षा मऊ असते, आणि मेटल क्लेची चांदी छिद्रांमुळे आणखी थोडी कमजोर. कानातलं, लोलक, साजाचं पान यांना काही अडचण नाही. रोज घालायची अंगठी दीड मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका. ९६० नावाची मातीही मिळते, तिच्यात थोडं तांबं मिसळलेलं असल्याने ती जास्त कडक होते. शुद्धतेबद्दल शंका असेल तर टंच काढून घ्या, बोलण्यावर जाऊ नका.

घरात चांदी चिंचेने किंवा रांगोळीने घासायची सवय असते. मेटल क्लेवर ते करू नका. खोलगट भागातला काळेपणा बहुतेक वेळा मुद्दाम आणलेला असतो. गंधकाच्या द्रावणात बुडवून, मग उंच भाग परत उजळून. चिंच आणि सोडा-फॉइलचा उपाय दोन्ही तो काढून टाकतात, आणि नक्षी सपाट दिसायला लागते. कोमट पाणी, रिठे, मऊ टूथब्रश, आणि लगेच कोरड्या सुती कापडाने पुसणं पुरे. ठेवताना हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, प्रत्येक वस्तू वेगळी. तांब्या-कांस्याची वस्तू घामाने हिरवी पडते. अंगावरून काढली की पुसायची आणि वर्षातून एकदोनदा मेणाचा पातळ हात द्यायचा.